फोल्कबोट: लाकडी घ्यावी की फायबरची?

बंदरात फोल्कबोट ही छोटीशी शिडाची बोट शिरली की शेजारच्या चाळीसफुटी नव्याकोऱ्या यॉटवरचे लोकही वळून बघतात. पण नुसत्या त्या रूपासाठी लाकडीच घ्यायला हवी असं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

१९४१ साली स्कँडिनेव्हियात सामान्यांना परवडेल अशा शिडाच्या बोटीसाठी स्पर्धा झाली. एकच आराखडा न निवडता काहींतलं चांगलं ते घेऊन टोर्ड सुंडेन यांनी ही बोट रेखाटली. पहिली १९४२ मध्ये पाण्यात उतरली. लांबी ७.६८ मीटर, शिडं २४ चौरस मीटर, आणि जेमतेम दोन टन वजनातलं निम्मं तळाला जोडलेल्या बिडाच्या भारात. (ब्रिटिश नाविक ब्लॉन्डी हॅस्लर यांनी १९६० साली याच घडणीची बोट चिनी धाटणीचं शीड लावून एकट्याने अटलांटिकपार नेली.) १९७०च्या दशकात फायबरची आली, तेव्हा लाकडी बोटीतल्या फळीवर फळी चढल्याच्या रेघासुद्धा साच्यात उतरवल्या. शर्यतीत दोन्ही एकत्रच धावतात. तेव्हा चालीत फरक शोधू नका. केबिनमध्ये वाकूनच बसायचं, तेही दोन्हींत.

फरक कळतो वसंतात. हिवाळाभर कोरड्यात राहून लाकडी बोटीच्या फळ्या आक्रसलेल्या असतात. पाण्यात टेकवली की सांध्यांतून पाणी झिरपू लागतं. मग पहिली रात्र ती क्रेनच्या पट्ट्यांतच ठेवायची, पंप चालू, आणि फळ्या फुगून फटी मिटायची वाट बघायची. फायबरवाला तोवर शिडं चढवून निघून गेलेला असतो. त्याआधीचं खरवडणं, घासणं, वॉर्निशचे थर हे वेगळंच. त्यात जीव रमत असेल तरच लाकूड.

फायबर बिनकटकटीचं, हेही अर्धंच खरं. तळाला फोड येतात, डेकमध्ये पाणी मुरतं. बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज बद्द आला तिथे आत ओल आहे.

लाकडाला समुद्रापेक्षा पाऊस छळतो. खारं पाणी त्याला बऱ्यापैकी मानवतं. डेकमधून उतरून कोपऱ्यात साचलेलं गोडं पाणी कुजवतं. आतल्या तळफळ्या उचला, खालच्या फळीत टोचणी खुपसून बघा, वळणावरच्या फासळ्यांवर बोट फिरवा. दोन-चार तडकलेल्या बदलता येतात. ओळीने सगळ्याच तडकल्या असतील तर नमस्कार करून निघा.

बंदरापासून तासाभरात राहत नसाल तर मी फायबरच सुचवेन. लाकडी घ्यायचीच तर दरवर्षी पाण्यात उतरलेली घ्या. दहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली फुकट मिळाली तरी नको. आणि बघायला मार्चमध्ये जा, रंगाचा हात फिरायच्या आत.