मिक्सरसाठी पॉट: अल्फाचे ९ मिमी

पेडण्याला घरीच मॉड्युलर सिंथचा (सुटे भाग जोडून बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) चार चॅनलचा मिक्सर बांधला. पहिले पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचे रोध) म्हापशाच्या बाजारातून घेतले, सुटे, बिनब्रँडचे, उघड्या पाठीचे. एका पावसाळ्यातच खरखरायला लागले. आमच्याकडची दमट, खारी हवा कुणाला सोडत नाही. मग अल्फा कंपनीचे ९ मिमीचे १०० के (किलोओहम) पॉट मागवले. फिरवताना हाताला हलकासा, एकसारखा विरोध जाणवतो, आणि आवाज हळूहळू उतरवताना तेच तर हवं असतं. नट पॅनेलवर आवळला की बोटांचा जोर सोल्डरवर येत नाही.

खरा घोळ पॉटवर छापलेल्या ए आणि बी चा. अल्फाच्या पॉटवर ए म्हणजे लॉग (रोध आधी हळू, मग झपाट्याने वाढतो), बी म्हणजे लिनियर (एकसारखा वाढतो). जुन्या युरोपीय मालावर अर्थ वेगळा असू शकतो. म्हणून मल्टीमीटर लावा: अर्ध्यावर निम्मा रोध दाखवला तर लिनियर. आवाजाला लॉग, कंट्रोल व्होल्टेजला (सिंथचे इतर भाग चालवणाऱ्या व्होल्टेजला) लिनियर. माझ्या दोन चॅनलवर दोन्ही येतं, तिथं मी बी च ठेवला. त्यापुढे टीएल०७२ या ऑप-अँपला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) जोडलेला १०० केचा इनपुट रोध असल्याने अर्ध्यावर ५० ऐवजी ४० टक्के मिळतात, आणि तेवढा बाक मला आवडला. लॉग मिळाला नाही तर बी च्याच वायपर (मधला पाय) आणि ग्राउंडमध्ये १५ के जोडा, अर्ध्यावर साधारण १७ टक्के येतात. कानाला पुरेसं लॉगसारखं वाटतं.

पुढच्या आठ चॅनलच्या मिक्सरलाही हेच घेणार.