रॉय ऑर्बिसनचा ‘क्राइंग’: सहा महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसनच्या ‘क्राइंग’ या १९६२ च्या एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, नवी आवृत्ती पावसाळ्यात मागवली होती. आता थंडी संपत आली, तरी तिच्याविषयी पूर्ण समाधानाने लिहिता येत नाही, आणि त्याला कारण आहे दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यातला शेवटचा सूर. ‘रनिंग स्केअर्ड’च्या अखेरीस ऑर्बिसन जो तार ‘ए’ (पाश्चात्त्य संगीतातला एक उंच सूर) लावतो, तो माझ्या रेकॉर्ड प्लेयरवर पहिल्या दिवसापासून फाटत होता.

विक्रेत्याला मी रेकॉर्डिंग पाठवून तबकडी बदलून मागितली, तेव्हा ‘साठ वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण आहे, एवढे चालायचेच’ असे उत्तर आले. हे उत्तर मला आजही मान्य नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये ध्वनिअभियंते बिल पोर्टर यांनी केलेली ध्वनिमुद्रणे त्या काळातील अत्यंत स्वच्छ कामांत मोडतात, आणि हेच गाणे फोनवर ऐकले तर तो सूर अखंड, भरदार येतो. मग दोष जुन्या टेपला कसा लावायचा?

खरे कारण तबकडीच्या भूमितीत आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या कायम असल्या, तरी कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि मधल्या लेबलाजवळ तीच गती २१ सेंटीमीटरच्या आसपास उतरते. त्यामुळे तेवढीच कंपने निम्म्याहून कमी जागेत दाटतात आणि गोल टोकाच्या सुईला ती नीट वाचता येत नाहीत. या एलपीची एक बाजू जेमतेम पंधरा मिनिटांची आहे. खाचा थोड्या जवळजवळ कोरल्या असत्या, तर गाणे लेबलापासून बरेच अलीकडे संपवता आले असते. माझ्या प्रतीत मात्र त्या पार आतपर्यंत नेल्या आहेत, आणि संपूर्ण संग्रहातला सर्वांत मोठा सूर सर्वांत अडचणीच्या जागी येऊन पडला आहे.

एका सुरासाठी इतका आग्रह का, असे कुणी विचारील. हे गाणे एका गिटारवर, बोलेरो या स्पॅनिश नृत्याच्या ठेक्यात, हलक्या आवाजात सुरू होते, त्याला ध्रुवपद नाही, आणि प्रत्येक कडव्यागणिक वाद्ये वाढत जाऊन ते एकाच दिशेने चढत राहते. प्रेयसीचा जुना प्रियकर परत आला तर ती कुणाबरोबर जाईल, ही भीती शेवटच्या ओळीपर्यंत ताणलेली असते, आणि ती नायकाबरोबर निघते तेव्हाच तो सूर लागतो. ऑर्बिसनने तो आधी फॉल्सेटोत, म्हणजे बारीक कृत्रिम आवाजात, घेतला होता आणि वाद्यवृंदात तो बुडून गेला. निर्माते फ्रेड फॉस्टर यांनी आग्रह धरल्यावर त्याने तो पूर्ण आवाजात लावला, आणि १९६१ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पहिल्या बाजूच्या आरंभी, दुरावलेल्या प्रेयसीशी ओझरती भेट झाल्यावर रडणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूच्या अखेरीस निवडला गेलेला माणूस, असा या बारा गाण्यांचा प्रवास आहे. तो सूर फाटला, तर आधीच्या दुःखाला मिळणारे उत्तरच फाटते.

बाकी गाण्यांविषयी माझे मत मधल्या काळात बदलले. ‘डान्स’ आणि ‘लाना’ ही उडती गाणी सुरुवातीला मला भरतीची वाटत आणि मी सुई उचलून पुढे ठेवत असे. आता ती ऐकतो, कारण त्यांच्यामुळे कान मोकळा होतो आणि पुढचे ‘लोनलीनेस’ अधिक खोल उतरते. ‘लव्ह हर्ट्स’ मात्र पहिल्या दिवसापासून आवडते आहे. बूडलो ब्रायंट यांचे हे गाणे एव्हरली बंधूंनी १९६० मध्ये आधी गायले होते, पण दोन भाऊ एकत्र गातात तेव्हा दुःख वाटून घेतल्यासारखे होते. ऑर्बिसनच्या एकट्या आवाजात ते वाटून घ्यायला कुणी नाही.

विक्रेत्याने तबकडी बदलली नाहीच. अखेर मी लंबगोल टोकाची सुई घेतली आणि सुई धरणाऱ्या कार्ट्रिजचा कोन मापपट्टीवर नव्याने जुळवून घेतला. या खर्चात आणखी एक नवी एलपी आली असती, हे मला बोचते. तो सूर आता फाटत नाही, किंचित खरखरतो एवढेच, आणि मागचे व्हायोलिन पहिल्यांदाच वेगळे ऐकू येते. ज्यांच्याकडे आधीपासून चांगली सुई आहे त्यांनी ही आवृत्ती अवश्य घ्यावी. प्लेयरसोबत आलेली गोल सुईच वापरणाऱ्यांनी तबकडीच्या किमतीत नव्या सुईची किंमत मिळवूनच हिशेब करावा, आणि परतीच्या अटी लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.