मातृवंदना, ममता की फुकट बाळंतपण? गोव्यातल्या पोटुशींसाठी

डिचोलीच्या माझ्या मावसबहिणीला तिसरा महिना लागलाय, नवरा रोजंदारीवर. परवा फोनवर विचारत होती, अगो मातृवंदना भरू की ममता, आणि प्रायव्हेटला बाळंत झाले तर पैसे बुडतील काय?

तर दोन्हीतली एकच घ्यायची असं नाहीच. मातृवंदना केंद्राची, पहिल्या बाळाला ५००० रुपये, त्यातले ३००० गरोदरपणात नोंदणी आणि तपासणी झाली की, २००० बाळाचा जन्म नोंदवून पहिल्या लसी झाल्या की. दुसऱ्या खेपेला फक्त मुलगी झाली तर ६०००. ममता आपल्या गोवा सरकारची, मुलगी झाली तर १०,०००. म्हणून ममतेवर आधीच हिशेब बांधू नका, मातृवंदना मात्र आत्ताच भरा, दूध-फळं खायची गरज आत्ताच असते ना. दोन्हीची चौकशी गावच्या अंगणवाडीत करायची.

जननी सुरक्षा या केंद्राच्या आणखी एका योजनेचे आपल्याकडे गावात ७०० रुपये, शहरात ६००, तेही बीपीएल किंवा एससी-एसटीला. मिळत असतील तर सोडू नका, पण त्यांच्यावर काही ठरत नाही.

ठरतं ते बाळंतपण कुठे करायचं त्यावर. प्रायव्हेटला गेलात म्हणून मातृवंदना किंवा ममता जात नाही, पण जननी शिशु सुरक्षा, म्हणजे सरकारी हॉस्पिटलातलं फुकट बाळंतपण, जाते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी मदत तीच, कारण सरकारी हॉस्पिटलात नॉर्मल असो की सिझर, औषधं, रक्त, टेस्ट, जेवण, न्यायला-आणायला गाडी, सगळं फुकट, उत्पन्नाचा दाखला न मागता, आणि बाळ आजारी पडलं तर वर्षभर त्याचेही उपचार. नुसतं सिझर प्रायव्हेटला झालं तरी वरच्या सगळ्या योजनांचे पैसे पुरायचे नाहीत. म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, नाहीतर बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), गर्दी असते, ताटकळावं लागतं, हे खरं. तरी हातात पैसा नसेल तर मी सरकारीच सांगेन.

एक नक्की तपासा, आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते. माझे मातृवंदनेचे पैसे लग्नाआधीच्या बंद पडल्यासारख्या खात्यात गेले आणि मी चार महिने ते आलेच नाहीत समजून रडत होते.

आणि अंगणवाडीचा आहार आणायला लाजू नका गो, गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि सहा महिन्यांनंतर बाळालाही तो मिळतो. बहिणीला सांगितलंय, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बायांची खास तपासणी असते, त्या दिवशी जा आणि गरोदरपणाच्या नोंदीचं माता-बाल कार्ड करूनच घरी ये.