पहिली खेप नॉर्मल, आता तारीख आली: कळा आणायच्या की थांबायचं?

"इंजेक्शन देऊन कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं," असं बेळगाव जिल्ह्यात निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरी सांगितलं जातं. जिचं आधीचं बाळंतपण नॉर्मल झालं आहे, पोटात एकच बाळ आहे, त्याचं डोकं खाली आहे आणि दिवस भरलेले आहेत, तिच्या बाबतीत हे खरं नाही. गर्भपिशवीचं तोंड पूर्वी एकदा पूर्ण उघडलेलं असतं, त्यामुळे पुढच्या खेपेला ते कमी जोराला दाद देतं. अशा बायकांना कळा आणल्या तरी साधारण शंभरात नव्वदांहून जास्त जणी नॉर्मलच बाळंत होतात.

मग भीती आली कुठून? तुलनाच चुकीची होते. कळा आणलेल्या बायकांची बरोबरी आपसूक कळा सुरू झालेल्यांशी केली जाते आणि त्यात कळा आणलेल्या मागे पडतात. पण "आज आपोआप कळा येऊ देत" हा पर्याय कुणाच्याच हातात नसतो. हातात असतं ते आज कळा आणणं किंवा थांबणं. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणींना आपसूक कळा येतात. पण काहींचं बीपी चढतं, काहींचं बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, आणि काही जणी आठवड्याने कळा आणायलाच परत येतात. या सगळ्यांना एकत्र धरून तुलना केली की कळा आणल्याने सिझर वाढताना दिसत नाही.

अमेरिकेतल्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासाचा दाखला डॉक्टर देतात. त्यात ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, तर थांबलेल्यांत २२.२ टक्के होतं. पण त्या सगळ्या पहिलटकरणी होत्या. दुसऱ्या खेपेला दोन्ही बाजूंचे आकडे मुळातच बरेच कमी असतात, म्हणून सिझर टाळण्याचा फायदाही छोटाच राहतो. सगळं ठीक असताना केवळ सोय म्हणून ३९ व्या आठवड्यात घाई करण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

४१ आठवडे पूर्ण झाले की पारडं बदलतं. जागतिक आरोग्य संघटना तिथे कळा आणायला सांगते. स्वीडनमधला २०१९ चा अभ्यास ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या गटात बालमृत्यू दिसल्याने मध्येच थांबवावा लागला. नंतर असे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर स्पष्ट फायदा पहिलटकरणींतच दिसला. आधी बाळंत झालेल्यांत अशा घटना इतक्या कमी होत्या की फरक दाखवता आला नाही. सिझरही वाढलं नाही. म्हणून ४० ते ४१ मध्ये थांबणं रास्त आहे. ४१ नंतर आमचा कल कळा आणण्याकडे आहे. त्यानंतरही थांबायचं असेल तर आठवड्यातून दोनदा एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) आणि सोनोग्राफीने पाण्याची तपासणी हवी. पाण्याचा सर्वांत खोल कप्पा २ सेंटीमीटरच्या खाली गेला की थांबणं संपलं.

हा हिशेब तारखेवर उभा आहे. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख पुढे-मागे करू नये. बाळंतपणाला चंदगड किंवा गडहिंग्लजच्या माहेरी जाणार असाल तर थायी कार्डासोबत (कर्नाटकातलं गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड) तो पहिला रिपोर्टही न्या, नाहीतर तिथे आठवडे नव्याने अंदाजाने मोजले जातात.

बीपी, औषध चालू असलेला मधुमेह, बाळाची वाढ खुंटणं, हालचाल कमी होणं, कळांशिवाय पाणी जाणं: इथे तुलनेला फारशी जागा नाही, डॉक्टर सांगतील तसं लवकर करावं.

आता कळा आणल्यावर सिझरचा धोका कोणाला जास्त? आधी आतली तपासणी करून बिशप स्कोअर काढतात: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ आहे का, पुढे आहे का आणि बाळाचं डोकं किती खाली आलं. १३ पैकी ८ किंवा जास्त असेल तर काम सोपं. ६ किंवा कमी असेल तर आधी तोंड मऊ करावं लागतं. मधलं अंतर आठ-दहा वर्षांचं, वजन जास्त, डोकं अजून वर तरंगतंय, अशा वेळी दुसरी खेपही पहिलीसारखी लांबू शकते. पहिलं बाळ सव्वादोन किलोचं होतं आणि आताचं पावणेचारचं वाटत असेल, तर मागचा अनुभव पुरेसा पुरावा नाही. सोनोग्राफीतलं वजनही १० टक्के, कधी त्याहून जास्त, चुकतं.

तोंड मऊ करायला जेल, मिझोप्रोस्टॉलची गोळी किंवा फुग्याची नळी वापरतात. गोळीचा डोस २५ मायक्रोग्रॅम, गिळायची तर दर २ तासांनी, योनीत ठेवायची तर दर ६ तासांनी. २५ ची तयार गोळी मिळते. २०० ची गोळी ब्लेडने कापून आठ तुकडे केले तर प्रत्येकात सारखं औषध येत नाही, आणि दुसऱ्या खेपेला नेमकं हेच महागात पडतं. कारण इथे कळा न येण्यापेक्षा त्या अती येण्याची भीती जास्त. १० मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या की बाळाला ऑक्सिजन मिळायला उसंत राहत नाही, ठोके घसरतात आणि तातडीचं सिझर होतं. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं सलाईनही म्हणूनच थेंब मोजून, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं वाढवतात. गोळीनंतर ते किमान ४ तासांनी लावायचं असतं. फुग्यात औषध नसल्याने कळांचा अतिरेक त्यात सर्वांत कमी.

दुसरी चूक उतावीळपणाची. दुसऱ्या खेपेची बाई ४-५ सेंटीमीटरवर तासन्तास अडकून राहू शकते आणि मग उरलेलं झपाट्याने उरकतं. ४ वर "प्रगती नाही" म्हणून सिझर सांगितलं तर विचारा: पाणी फोडून आणि सलाईन लावून किती तास झाले? आई आणि बाळ ठीक असतील तर हे दोन्ही केल्यावर निदान १२ तास तरी द्यायला हवेत. बाळाचे ठोके बिघडले असतील तर मात्र हा प्रश्न विचारत बसू नका.

रस्त्याचाही हिशेब धरा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात थांबणं आणि बेळगाव शहरात थांबणं एकसारखं नाही. दुसऱ्या खेपेच्या कळा वेगाने चालतात, १०८ येईपर्यंत घरीच किंवा वाटेत बाळंतपण होऊ शकतं. थांबायचं असेल तर ३९ नंतर दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहावं. ३९ नंतर डॉक्टर बोट फिरवून पाण्याची पिशवी तोंडापासून सोडवतात, तेही करून घेता येतं. थोडं रक्त जातं, पोट दुखतं, पण औषधाची गरज कमी होते. उलट कळा आणायच्या असतील तर रात्रीही भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल अशीच जागा निवडा. तालुक्याच्या दवाखान्यात हे आधी विचारून ठेवा.

पिशवीवर आधीच्या सिझरचा व्रण असेल तर वरचे आकडे लागू नाहीत. आपसूक कळांत व्रण उसवण्याचा धोका साधारण २०० त एक, कळा आणल्या तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. मिझोप्रोस्टॉल तिथे वापरायचंच नाही. मात्र सिझरशिवाय एक नॉर्मल बाळंतपणही झालेलं असेल, तर पुन्हा नॉर्मल होण्याची शक्यता ८५ ते ९० टक्के असते, आणि अशा वेळी आपसूक कळांची वाट पाहण्याला जास्त अर्थ आहे.