निळ्या ताडपत्रीवरचा क्लच सेट

वडलांची टाटा-मर्सिडीज (ट्रक) अजून आमच्या खळ्यात उभी आहे. पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा आहे, म्हणजे 1969 च्या आधीची. त्या वर्षी टाटांचा डाइमलर-बेन्झ या मर्सिडीजवाल्या कंपनीबरोबरचा करार संपला. तिने सिंधुदुर्गात किती घरांचे चिरे वाहिले याची मोजदाद नाही. आता धंदा नाही, गणपतीत गावात फिरते एवढंच. गेल्या वर्षी गिअरबॉक्सचे दाते गेले, म्हणून कोल्हापूरहून पुढच्या मॉडेलचा एक जुना गिअरबॉक्स आणला. तो चांगला निघाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. फसलो ते क्लच आणि सेल्फमध्ये (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर).

इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा असला की सामान तीन ठिकाणी जुळवावं लागतं. क्लच प्लेटचं मधलं भोक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं, म्हणून तिथले दाते आणि शाफ्टची जाडी दोन्ही गिअरबॉक्सप्रमाणे हवी. दाते मोजून सारखे आले तरी जाडी वेगळी असू शकते. प्लेटचा बाहेरचा व्यास आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या बोल्टची भोकं मात्र फ्लायव्हीलप्रमाणे, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाप्रमाणे. सेल्फ बोल्ट होतो हाउसिंगवर (क्लचभोवतीचं कवच), पण त्याचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, अडकतो फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये. हे सगळं आज मला तोंडपाठ आहे. तेव्हा नव्हतं.

मुंबईतल्या एका जुन्या स्पेअरवाल्याचा नंबर मिळाला. मी मॉडेल सांगितलं, गिअरबॉक्सवरचा नंबर सांगितला. तो म्हणाला, "हाच सेट आहे साहेब, पेटीबंद, सेल्फपण याचाच." मापं विचारली नाहीत, फ्लायव्हीलचा फोटो मागितला नाही. मला वाटलं, माणूस किती जाणकार! खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. ज्याला यातलं कळतं तो आधी तुमच्याकडून चार मापं काढून घेतो.

त्याने फोटो पाठवला. निळ्या ताडपत्रीवर प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, बेअरिंग आणि सेल्फ, शेजारी कोपरा फाटलेली कंपनीची पेटी. व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर गोदामात नेटवर्क नाही. बिल घेतलं तर जीएसटी पडेल, हे त्याने सांगितलं आणि बिल नको हे मी सांगितलं. हा मूर्खपणा माझा. 10,000 आधी, 11,500 बिल्टीचा (पार्सलच्या पावतीचा) फोटो आल्यावर. पार्सल रात्रीच्या लक्झरीने कणकवलीला उतरलं.

मिस्त्रींनी पिशवी उघडली तर रंगाचा भपकारा आला. त्यांनी नखाने प्रेशर प्लेटची कड खरवडली, काळ्या रंगाखाली तांबूस गंज. "बाबू, खयसून हाडलंस ह्यां? नवीन नाय ता." नंबर जिथे असतो तिथे ग्राइंडर फिरवलेला. मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, गोदामात दमट हवा असते, म्हणून रंग मारला. दमट हवेचं कारण कोकणातल्या माणसाला लगेच पटतं, मलाही पटलं. प्लेट शाफ्टवर बरी सरकत होती, गणपती तोंडावर होते. बसवा म्हटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण पाना जरा जोरात आपटला.

पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा कर्रर्र आवाज आला, दुसऱ्यांदा इंजिन चालू झालं. नवव्या दिवशी आमच्या घाटीवर अर्ध्यात इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना आणि जळक्या लायनरचा (क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) वास सुटला. गिअरबॉक्स परत खाली. जुन्या प्लेटवर नवं लायनर ठोकलेलं होतं. रिबिटांची डोकी लायनरच्या आत खोल बसायला हवीत, ती जवळपास वरच होती आणि फ्लायव्हीलवर त्यांनी गोल चरे पाडले होते. मधल्या स्प्रिंगा बोटाने हलवल्या तर खुळखुळत होत्या.

सेल्फसाठी मिस्त्रींनी कपड्याच्या साबणाच्या वडीचे दोन तुकडे केले. एकावर रिंगचे दाते दाबले, दुसऱ्यावर पिनियनचे, आणि ठसे शेजारी ठेवले. रिंगच्या चार खाचा जेवढ्या लांबीत मावत होत्या तेवढ्यात पिनियनच्या साडेचार. आंधळ्यालाही कळलं असतं. हा खेळ पैसे पाठवायच्या आधी करता येत नाही, पण रिंगचा ठसा घेऊन त्याचा फोटो पट्टीसकट पाठवता येतो, आणि समोरूनही तसाच फोटो मागता येतो. पुढची बाजू झिजलेली रिंग तापवून काढावी लागली. नवी तापवूनच बसते, गार झाली की आवळते. फ्लायव्हील लेथवर गेलं. मजुरी दुप्पट, आणि गणपती टेम्पोतून आले.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. गाडी धंद्याची नाही हे माझ्या पथ्यावर पडलं. पण बिल कुठाय, हा पहिला प्रश्न. माझ्याकडे बिल्टी, यूपीआयच्या नोंदी आणि चॅट आहे. बघू.

परवा देवगडच्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याने फोटो पाठवून विचारलं, हा सेट घेऊ का? निळी ताडपत्री, तोच फाटका कोपरा. मी लगेच फोन लावला. टोकन म्हणून 2,000 त्याने पाठवून झाले होते.