चालू प्रोग्रॅमचं आउटपुट ब्राउझरमध्ये थेट दाखवायचंय: पोलिंग, एसएसई की वेबसॉकेट?

सर्व्हरवर एफएफएमपेग हा प्रोग्रॅम तासाभराचा व्हिडिओ रूपांतरित करतोय आणि काम कुठवर आलं ते वापरणाऱ्याला ब्राउझरमध्ये दिसत राहायला हवं. एफएफएमपेगच्या जागी बिल्डचा लॉग असेल किंवा सेन्सरचे आकडे वाचणारी पायथन स्क्रिप्ट. माहिती दुसऱ्याच प्रोसेसची, वेब सर्व्हर फक्त मधला हमाल.

माझं मत आधीच सांगतो. माहिती सर्व्हरकडून ब्राउझरकडे, एकाच दिशेने जाणार असेल तर एसएसई, म्हणजे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घ्या. ब्राउझरकडूनही सतत काही येणार असेल किंवा बायनरी डेटा पाठवायचा असेल तरच वेबसॉकेट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येणारं कनेक्शन. पण यातलं काहीही निवडलं तरी सुरुवातीला स्क्रीन बहुतेक कोरीच राहते, आणि त्याचं कारण या निवडीत नसतं.

आधी प्रोसेसकडे बघा

टर्मिनलवर ओळीमागून ओळ दिसणारा प्रोग्रॅम पाइपला, म्हणजे त्याचं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे नेणाऱ्या वाटेला, जोडला की गप्प होतो. सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी टर्मिनलसमोर ओळ संपली की आउटपुट सोडते; समोर पाइप असेल तर बफर (तात्पुरता साठा) भरेपर्यंत, म्हणजे साधारण 4 ते 8 केबी जमेपर्यंत, धरून ठेवते. हंडा भरल्याशिवाय एक थेंबही पुढे जात नाही. पायथन स्क्रिप्ट ‘-यू’ स्विच देऊन चालवा. ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’ हा पर्याय आहे. इतर बऱ्याच कमांडना ‘स्टडबफ’ पुढे लावून काम होतं. मात्र जो प्रोग्रॅम आपलं बफरिंग स्वतः सांभाळतो त्याच्यावर स्टडबफचा काही परिणाम होत नाही.

एफएफएमपेगची गोष्ट आणखी वेगळी. त्याची प्रगतीची ओळ एरर आउटपुटवर येते आणि नव्या ओळीच्या खुणेऐवजी कॅरेज रिटर्नने (त्याच ओळीच्या सुरुवातीला परत नेणाऱ्या खुणेने) संपते. त्यामुळे ‘एक ओळ वाच’ असं सांगणारा तुमचा कोड वाट बघत बसू शकतो. त्याला ‘प्रोग्रेस’ हा पर्याय देऊन स्टँडर्ड आउटपुटवर लिहायला लावा; मग नाव आणि किंमत अशा नीट ओळी येतात आणि शेवटी ‘प्रोग्रेस=एंड’ येतं. एरर आउटपुट पाइपला जोडून वाचायचं विसरलात, तर लिनक्सवर साधारणपणे 64 केबीचा तो पाइप भरतो आणि एफएफएमपेग अर्ध्यावर थांबून राहतो. कुठे काही चूक दिसत नाही, काम मात्र पुढे सरकत नाही. दोन्ही वाटा रिकाम्या करत राहा.

पोलिंग

प्रोसेस आपली स्थिती फाइलमध्ये किंवा रेडिस या डेटाबेसमध्ये लिहिते आणि ब्राउझर दर 2 सेकंदांनी विचारतो. हे जुनाट वाटतं, पण कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर चालतं. वेब सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी वेगळी चालवलेली प्रोसेस जिवंत राहते. 500 टॅब उघडे असतील तर सेकंदाला 250 विनंत्या होतात, तेवढा हिशोब करून ठेवा. नुसता टक्केवारीचा आकडा दाखवायचा असेल तर मी आजही हेच सुचवेन. वाहता लॉग दाखवायला मात्र ते तुटक वाटतं.

साधा वाहता प्रतिसाद

एचटीटीपी 1.1 मध्ये प्रतिसाद तुकड्या-तुकड्यांनी पाठवता येतो. समोर कर्ल हा कमांड लाइनचा प्रोग्रॅम असेल तर याहून सोपं काही नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या फेचने वाचताना तुकडा ओळीवरच संपेल असं धरू नका, अक्षरावर संपेल असंही नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्सचं असतं. तुकडा मधेच तुटला आणि प्रत्येक तुकडा सुटा डीकोड केला, तर मराठी लॉगमध्ये काळे चौकोन उमटतात. इंग्रजी लॉगवर तपासणी केली तर ही चूक कधी सापडतच नाही. बाइट्सची अक्षरं करणाऱ्या टेक्स्टडीकोडरचा ‘स्ट्रीम’ पर्याय चालू ठेवा. आणि कनेक्शन तुटलं तर पुन्हा जोडणं तुमच्याच गळ्यात.

एसएसई

हाही वाहता प्रतिसादच, फक्त त्याला नियम आहेत. संदेशाचा मजकूर ‘डेटा:’ने सुरू होणाऱ्या ओळीत जातो आणि प्रत्येक संदेश रिकाम्या ओळीने संपतो. तुटलं तर ब्राउझरमधला एसएसई वाचणारा इव्हेंटसोर्स आपणहून पुन्हा जोडतो आणि सर्व्हरने संदेशांना क्रमांक दिले असतील तर शेवटचा क्रमांक ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ या हेडरमध्ये पाठवतो. लोकल ट्रेनमध्ये नेटवर्क येत-जात असताना ही सोय फार मोलाची वाटते.

याच सोयीने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं. विनंती आली की प्रोसेस सुरू करायची, असं मी लिहिलं होतं. काम संपलं, सर्व्हरने कनेक्शन बंद केलं, ब्राउझरला वाटलं तुटलं, म्हणून त्याने पुन्हा जोडलं आणि तोच व्हिडिओ पुन्हा रूपांतरित व्हायला लागला. रात्रभर हेच चाललं. तेव्हापासून ‘संपलं’ असा वेगळा इव्हेंट पाठवतो, तो आला की ब्राउझरमध्येच इव्हेंटसोर्स बंद करतो, आणि प्रोसेस सुरू करण्याची विनंती वेगळी ठेवतो.

मर्यादाही आहेत. फक्त मजकूर जातो. इव्हेंटसोर्सला स्वतःचे हेडर लावता येत नाहीत, म्हणून लॉगिनसाठी कुकी सोयीची पडते. एचटीटीपी 1.1 वर ब्राउझर एका डोमेनला सहाच कनेक्शन देतात, सातवा टॅब लटकतो. एचटीटीपी 2 वर ही अडचण व्यवहारात उरत नाही.

वेबसॉकेट

2011 च्या आरएफसी 6455 या इंटरनेट मानकाने पक्का झालेला हा दुहेरी मार्ग. ब्राउझरमधून टर्मिनल चालवायचा असेल, म्हणजे एकेक कळ प्रोसेसकडे जायला हवी असेल, तर हाच. पण पुन्हा जोडणं आणि मधले संदेश भरून काढणं हे सगळं तुम्हीच लिहायचं. केवळ ‘थांबवा’ बटणासाठी वेबसॉकेट घेऊ नका. त्याला एक साधी एचटीटीपी पोस्ट विनंती पुरते.

अनेकांना प्रत्यक्ष व्हिडिओच दाखवायचा असेल तर मात्र यातलं काहीच नको, एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवण्याची पद्धत) वापरा.

मधले अडथळे

ब्राउझर आणि तुमचा प्रोग्रॅम यांच्या मधे बसणारा एनजिन्क्स हा वेब सर्व्हर मागच्या सर्व्हरचा प्रतिसाद मुळात बफर करतो. प्रतिसादात ‘एक्स-एक्सेल-बफरिंग: नो’ हे हेडर पाठवलं की तो मधून बाजूला होतो. 60 सेकंद काहीच आलं नाही तर कनेक्शन तोडतो, म्हणून प्रोसेस गप्प असली तरी एसएसईत दर 15 सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक ओळ सोडा. ब्राउझर ती दुर्लक्षित करतो. वेबसॉकेटसाठी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर पुढे पाठवायला त्याला मुद्दाम सांगावं लागतं. पायथनमध्ये गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे साधे सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारे) असतील तर एकेक प्रेक्षक एकेक वर्कर अडवतो आणि 30 सेकंदांच्या डीफॉल्ट मर्यादेनंतर वर्करच मारला जातो. तिथे असिंक वर्कर हवेत.

शेवटी एक गोष्ट आधीच ठरवा: टॅब बंद झाला की प्रोसेसचं काय? नुसता लॉग दाखवणारी ‘टेल’ असेल तर तिला लगेच मारा, नाहीतर प्रत्येक रिफ्रेशमागे एक प्रोसेस साचत जाते. शेलमधून सुरू केली असेल तर शेल मरून आतला प्रोग्रॅम तसाच चालू राहू शकतो, म्हणून थांबण्याचा सिग्नल पूर्ण प्रोसेस ग्रुपला, म्हणजे शेल आणि आतला प्रोग्रॅम दोघांनाही, पाठवा. रूपांतरासारखं काम असेल तर प्रोसेस एकच ठेवा, कनेक्शनपासून वेगळी, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच पुढचं दाखवा.