डबल डाय म्हणून मशीन डबलिंग गळ्यात मारलं : 17,500 रुपये गेले

17,500 रुपये. त्यातले 5,000 रोख, 12,500 यूपीआयने. घरी अजून 7,500 च सांगितले आहेत, यावरून समजा हे लिहिताना मला काय वाटतंय.

नागपुरात बर्डीवर एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. मी काही नवखा नाही. अजब बंगल्यातली, म्हणजे इथल्या संग्रहालयातली, नाणी पाहून शाळेत असतानाच हा नाद लागला, 22 वर्षं नाणी जमवतोय. विक्रेत्याने 1994 चं पाच रुपयांचं नाणं पुढे केलं. तारखेखाली हिरा, म्हणजे मुंबई टांकसाळ. "भारत"ची अक्षरं दुहेरी दिसत होती. मग त्याने मोबाइलवर अमेरिकेच्या 1955 च्या सेंटचा फोटो दाखवला. तो खराखुरा डबल डाय, म्हणजे नाणं पाडायच्या ठशातच (डायमध्ये) अक्षरं दुहेरी उमटलेली. त्याची 20,000 च्या वर नाणी बाहेर पडली आणि आज एकेक हजार डॉलरच्या पुढे जातं. "काका, हेही तेच आहे." 24,000 वरून 17,500 वर सौदा झाला.

आता ज्या क्षणावरून झोप उडाली आहे तो सांगतो. त्याच्या ट्रेमध्ये त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं दुसरं नाणं होतं. तेही दुहेरी, पण त्याची सावली डावीकडे सरकलेली आणि माझ्या नाण्याची खाली. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "ते वेगळं व्हरायटी आहे, त्याहून रेअर." आणि मी मान डोलावली! डबल डायमध्ये दोष ठशातच असतो. ठसा तयार होताना दुसरा दाब किंचित सरकून बसतो आणि मग त्या ठशाखाली पडलेलं प्रत्येक नाणं अगदी तसंच निघतं, त्याच दिशेला, तेवढंच. एकाच ट्रेमध्ये दोन दिशा दिसल्या की समजायचं, दोष यंत्राच्या सैलपणाचा आहे, यालाच मशीन डबलिंग म्हणतात. हे मला माहीत होतं. हॉलमधला उजेड पिवळा होता, बंद व्हायची वेळ झाली होती, मागे दोघं "मी घेतो" म्हणत उभे होते. ते त्याचेच असणार, असं आता वाटतं.

घरी दहा पटीच्या भिंगाखाली धरलं आणि पोटात गोळा आला. "भारत"च्या शिरोरेषेखाली सपाट, चकचकीत पायरी, पाट्यासारखी. रेघ मूळ जाडीपेक्षा बारीक झालेली. ठसा आपटल्यावर सैल असल्यामुळे सरकला आणि नुकतंच उठलेलं अक्षर त्याने घासून चपटं केलं, एवढंच. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावदार असतात, अक्षराच्या टोकाशी खाच दिसते आणि अक्षर जाड होतं. बारीक झालं तर पैसे खिशातच ठेवा. अशी मशीन डबलिंगची नाणी गल्ल्यात शोधली तरी सापडतात, किंमत पाच रुपयेच.

पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बसवलं. मग साहेब म्हणाले, "नाणं खरं आहे ना? सरकारनेच पाडलंय ना? मग फसवणूक कसली?" मी भिंग काढलं, त्यांनी हातातही घेतलं नाही. सायबरवाल्यांनी सांगितलं, व्यवहार समोरासमोर झाला, आमच्याकडे येत नाही. पैसे वळते करणाऱ्या ॲपचं उत्तर : तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवले. आयोजक म्हणतात, आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. म्हणजे भर हॉलमध्ये पाच रुपयांची वस्तू 17,500 ला विकावी, आणि त्याबद्दल विचारायचं कुणाला, हे या शहरात कुणालाच ठाऊक नाही? अर्जाची पोचसुद्धा दिली नाही!

पावतीवर त्याने "जुने नाणे, 1 नग" एवढंच लिहिलं होतं. तुम्ही घ्याल तेव्हा "डबल डाय" हे शब्द लिहून घ्या, लिहायला नकार दिला तर उठा. ट्रेचा फोटो काढा. मी काढला होता, आता माझ्याकडे तोच एक पुरावा आहे.

हो, आणि आणखी एक. नाणं विकायला ऑनलाइन टाकलं, तर दुसऱ्याच दिवशी फोन : रिझर्व्ह बँकेचं शुल्क 2,150 भरा, लगेच विकून देतो. असं कोणतंही शुल्क आपण घेत नाही, असं बँकेने 2021 सालीच जाहीर केलंय. फोन ठेवून दिला.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जातोय. दोन्ही नाण्यांचे फोटो मोठे छापून घेतले आहेत. पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही.